केनिया की यूएई? ठिबकचा छोटा धंदा आहे, राहिलेल्यांनी सांगा

फिल्टरवाला_मिरज

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. ठिबकचं जोडसामान काढतो: टेक-ऑफ, ग्रोमेट, जॉइनर, एंड कॅप, आणि अलीकडे जाळीचे नि डिस्कचे फिल्टर. माल चांगला आहे असं मी म्हणणारच, पण तासगावकडचे द्राक्षवाले पुन्हा मागायला येतात, एवढं खरं. अडचण वसुलीची. इथं अनुदानाचं चक्र अडलं की डीलर पैसे अडवतो, आणि डीलरनं अडवले की मला प्लास्टिकचा दाणा देणारा माणूस दारात येऊन उभा राहतो. म्हणून बाहेर पाय टाकायचा विचार चाललाय.

दोन नावं डोक्यात आहेत. एक यूएई, कारण मेहुणा शारजात आहे आणि दर फोनला 'दाजी, या की इकडं' म्हणतो. दुसरं केनिया. मुंबईच्या एका निर्यातदारामार्फत आमचे फिल्टर नाकुरूच्या एका दुकानदाराकडं जातात. त्याला डब्यावरचा आमचा नंबर सापडला आणि तो आता थेट व्हॉट्सअॅपवर भाव विचारायला लागलाय.

घरी बायको, चौथीतली मुलगी आणि आई. बायकोचं म्हणणं, आधी फिरायला म्हणून जाऊ, देश बघू, मग धंद्याचं बोलू. तर फिरायला, धंद्याला आणि जमलं तर चार-पाच वर्षं राहायला, तिन्ही मिळून कुठला देश बरा? व्हिडिओ पुष्कळ बघितले. त्यात सगळेच हसत असतात.

शारजा_सध्या

डोळे झाकून यूएई.

मुंबईहून तीन तासांत पोचता, घड्याळ दीड तासच मागं. पगारावर आयकर नाही. कंपनीच्या नफ्यावर जून २०२३ पासून ९ टक्के कर आला, पण तोही ३ लाख ७५ हजार दिरहमच्या वर जो नफा असेल त्यावर. उलाढाल ३० लाख दिरहमच्या आत असेल तर २०२६ अखेरपर्यंत अटींसह सवलतही मागता येते. व्हॅट ५ टक्के. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला, त्यामुळे भाव देताना पोटात गोळा येत नाही. भारताशी सेपा हा व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. २०२१ पासून मेनलँडवरही, म्हणजे फ्री झोनच्या बाहेरही, बहुतेक धंद्यांत शंभर टक्के मालकी मिळते, पूर्वीसारखा ५१ टक्क्यांचा स्थानिक भागीदार शोधावा लागत नाही.

माझी बायको रात्री अकराला एकटी खाली सुपरमार्केटला जाऊन दही घेऊन येते. आणखी काय पाहिजे?

नैवाशाची_वहिनी

शारजा_सध्या, तुमचं सगळं खरं. फक्त एक सांगा, ह्यांचा फिल्टर तिथं घेणार कोण?

मी मूळची तळेगाव दाभाड्याची. नवरा गुलाबाच्या पॉलिहाउसातच शिकला-वाढला म्हणा, तो केनियात नैवाशाला फुलांच्या फार्मवर मॅनेजर होता. संसाराची पहिली वर्षं तिथं गेली. नंतर आम्ही शारजाला आलो आणि मी एका बागकाम-सिंचनाच्या ठेकेदाराकडे हिशेब सांभाळले. म्हणजे एका देशात पाइप अंथरणारे बघितले आणि दुसऱ्यात पाइपांची बिलं. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

यूएईत शेती नाही असं नाही. अल ऐन, लिवा, शारजातलं धैद इथं खजुराच्या बागा आहेत, म्लेहाला तर आता गहूसुद्धा पेरतात. पण विहिरीचं पाणी खारट, नाहीतर समुद्राचं गोडं केलेलं आणि महाग. ठिबकच्या पाइपाचा मोठा खप होतो तो रस्त्याकडेच्या झाडांना, व्हिलांच्या हिरवळीला, शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर. आणि तिथं माल शेतकरी घेत नाही, ठेकेदार घेतो. ठेकेदाराला सल्लागार अभियंत्यानं मंजूर केलेल्या यादीतलाच ब्रँड लागतो. त्या यादीत कुपवाडचं नाव चढवायला चाचण्यांचे दाखले, आधीच्या प्रकल्पांचे दाखले, आणि भरपूर धीर लागतो. चढलंच, तर पैसे 'मेन कॉन्ट्रॅक्टरकडून आले की'. मी जिथं काम करायचे तिथं माझा अर्धा महिना ह्या 'आले की'मागे जायचा. खणात पुढच्या तारखांचे चेक रचलेले असायचे आणि प्रत्येक चेकमागे एक फोन: वहिनी, पुढच्या आठवड्यात टाका. फिल्टरवाला, तुम्ही मिरजेच्या डीलरला कंटाळून निघालात ना? तोच डीलर तिथं टाय लावून भेटेल.

केनियात ग्राहक दोन तऱ्हेचे. एक मोठे फुलांचे फार्म, माझ्या नवऱ्याचा होता तसे. त्यांची सगळी यंत्रणा डच किंवा इस्रायली, सल्लागारही तिकडचेच, आणि गुलाब युरोपात जायचे असल्यामुळे कोणी जोखीम घेत नाही. तिथं तुमची डाळ शिजणार नाही. ते सोडून द्या.

दुसरे लहान शेतकरी. नाकुरू, न्यानदारुआ, किरिन्यागा, माचाकोस. पाव एकर, अर्धा एकर. टोमॅटो, कोबी, ढोबळी मिरची, फरसबी, आता अव्होकाडो. चार बांबूंच्या मचाणावर टाकी, नाहीतर सौर पंप, आणि गुरुत्वाकर्षणावर चालणारं ठिबक. हा माणूस सामान घेतो गावच्या अॅग्रोव्हेटमध्ये, म्हणजे जिथं बियाणं, कोंबड्यांचं औषध आणि फवारणीचा पंप एकाच काउंटरवर मिळतो असं दुकान. तुमचा नाकुरूवाला बहुधा असाच असणार. त्याचं पाणी बांधलेल्या तळ्यातलं, गाळाचं. फिल्टर रोज उघडायला लागतो. आमच्या फार्मवरचे फोरमन घरी स्वतःची भाजी करायचे. त्यांची तक्रार कायम एकच असायची, की दुकानातला स्वस्त फिल्टर पान्याशिवाय उघडत नाही आणि पाना लावला की आटे जातात. हातानं उघडणारा, जाळी सुटी विकत मिळणारा फिल्टर जो देईल त्याला गिऱ्हाईक शोधत येईल. चिनी माल स्वस्त आहे, पण त्याची जाळी वेगळी मिळत नाही. तुमची जागा तिथं आहे.

आणि एक गोष्ट, जी इथं बसून कळत नाही. नैवाशा विषुववृत्ताजवळ, वर उंची जवळजवळ १९०० मीटर. हवा गार, त्यामुळे ऊन जाणवत नाही, पण ते प्लास्टिक खातं. काळ्या मास्टरबॅचमध्ये (उन्हापासून वाचवायला दाण्यात मिसळतात त्या काळ्या रंगात) काटकसर केलेली एंड कॅप तिथं दोन हंगामांत बिस्किटासारखी मोडते. सांगलीच्या उन्हात टिकली म्हणून तिथं टिकेल असं धरू नका. यूव्हीचा डोस वाढवा, भाव वाढवा, आणि तो का वाढवला ते दुकानदाराला सांगा. त्याला पटेल, कारण मोडलेल्या टोप्या परत त्याच्याच काउंटरवर येतात.

आता कटकटी. माल बोटीत चढण्याआधी भारतातच तपासणी करून घेऊन केनियाच्या मानक संस्थेच्या पीव्हीओसी योजनेखालचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते नसलं की मोंबासाला दंड, विलंब, आणि बंदरात पडलेल्या डब्याचं, म्हणजे कंटेनरचं, भाडं. तुमचा मुंबईचा निर्यातदार ज्या पैशावर जगतो त्यातले निम्मे ह्याच उठाठेवीचे, तेव्हा त्याला शिव्या देण्याआधी ती शिकून घ्या. पूर्व आफ्रिकी समूहाचं आयात शुल्क ०, १०, २५ आणि ३५ टक्के अशा चार पायऱ्यांत आहे. तुमचा फिल्टर सिंचनाचं साहित्य म्हणून जातो की नुसती प्लास्टिकची वस्तू म्हणून, ह्यावर सगळा भाव ठरतो. तो कोड तिथल्या क्लिअरिंग एजंटकडून लेखी घ्या. व्हॅट १६ टक्के, कंपनी कर ३० टक्के. स्वतः गुंतवणूकदार म्हणून राहायचं तर जी वर्गाचा परवाना लागतो आणि त्याला एक लाख डॉलर भांडवल दाखवावं लागतं. म्हणून पहिल्याच फेरीत नैरोबीत ऑफिस, गाळा, पाटी असलं काही करू नका. वितरक धरा.

पैशाचं म्हणाल तर शेतकरी रोख देतो, म्हणजे एम-पेसावर. २००७ पासून आहे ते, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी. नैवाशाच्या बाजारात कोथिंबिरीची जुडीसुद्धा मी फोनवर घ्यायची. उधारी मागतो दुकानदार. आणि तो विकतो शिलिंगमध्ये, तुम्हाला देणार डॉलरमध्ये. २०२४ च्या जानेवारीत डॉलरला १६० शिलिंग पडत होते, काही महिन्यांत ते १३० च्या आसपास आले. असा झोका उलट्या बाजूनं बसला की भला माणूससुद्धा फोन उचलत नाही. ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडण्याविरुद्धचा सरकारी कंपनीचा विमा काढा, सुरुवातीला अर्धे पैसे आगाऊ घ्या, आणि 'पार्टनर' हा शब्द कोणी पहिल्याच भेटीत उच्चारला तर चहा पिऊन उठा.

मेहुण्याचं म्हणणं असेल की आफ्रिकेचे व्यापारी दुबईलाच येतात. येतात की. दुबईच्या देरा बाजारात जा, केनियाचे, इथिओपियाचे, सोमालियाचे लोक मोबाइल, कापड, गाड्यांचे सुटे भाग पोत्यांनी बांधताना दिसतील. तिथल्या जेबेल अली बंदराचा फ्री झोन १९८५ पासून ह्याच कामावर मोठा झाला. पण ज्याला दहा देशांचा माल एका डब्यात भरायचा आहे त्याच्यासाठी ते ठीक. तुमचा माल एका जागी तयार होतो आणि न्हावा शेवाहून मोंबासाला सरळ बोट जाते. मध्येच दुबईला उतरवून पुन्हा चढवायचं भाडं कोणाच्या खिशातून?

राहण्याचं वेगळं लिहिते. आधी स्वयंपाक उरकते.

पुण्याची_सीए

वहिनी परत येईपर्यंत कोरडं काम.

मेहुण्याच्या खात्यावर पैसे पाठवून त्याच्या नावावर लायसन्स काढायचं, असं काही ठरत असेल तर आजच थांबवा. परदेशात कंपनी काढायची तर ऑगस्ट २०२२ च्या विदेशी गुंतवणूक नियमांप्रमाणे अधिकृत बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून, क्रमांक घेऊन मगच पैसे जातात, आणि नंतर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत अहवाल द्यावा लागतो. उशिराचे दंड मी पाहिले आहेत, हौसेच्या पलीकडे जातात.

दुसरं, 'दुबईत कर नाही' हे वाक्य भारतीय नागरिकाला अर्धंच लागू पडतं. तुमचं भारतातलं वगैरे उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि तुम्ही दुसऱ्या कुठल्याच देशात करपात्र रहिवासी नसाल, तर आयकर कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर तुम्हाला भारताचेच रहिवासी मानता येतं. कुपवाडहून चालवलेल्या धंद्याचं परदेशातलं उत्पन्न मग इथं येतं.

नुसती निर्यात करणार असाल तर यातलं काहीच लागत नाही. आयईसी (आयात-निर्यातीचा क्रमांक), एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करायचं हमीपत्र), बँकेत वेळेवर पैसे. एवढंच.

शारजा_सध्या

वहिनी, फिल्टरच्या बाबतीत मी माघार घेतो. मी बँकेत आहे, मला फिल्टर म्हणजे चहाची गाळणी.

पण ते चार-पाच वर्षं कुटुंब घेऊन राहायचं विचारताहेत. नैरोबीत २५ जून २०२४ ला काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. करवाढीच्या विधेयकावरून लोक संसदेत घुसले, गोळीबार झाला, माणसं गेली. राष्ट्राध्यक्षांना विधेयक मागं घ्यावं लागलं. चौथीतल्या मुलीला घेऊन अशा ठिकाणी कोण जाईल? इथं तिला सीबीएसई शाळा, बस दारात, उद्या परत मिरजेला जायचं झालं तर अभ्यासक्रम तोच. आजारपणाचा विमा नोकरी देणारी कंपनीच काढते. नोकरी सुटली तरी ग्रॅच्युइटी आहे, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, पुढं ३० दिवसांचा.

नैवाशाची_वहिनी

ग्रॅच्युइटी नोकरदाराला. ते मालक म्हणून येणार आहेत, मालकाला कोण देतं?

बाकी तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. नैरोबीत सगळ्या घरांना गेट, गेटवर अस्कारी म्हणजे पहारेकरी, खिडक्यांना गज. अंधार पडला की पायी चालायचं नाही, सिग्नलला काच खाली करायची नाही, फोन हातात धरून रस्त्यावर उभं राहायचं नाही. हे आठवड्याभरात अंगवळणी पडतं, पण पडतं म्हणजे आपण बदलतो. शारजाला आल्यावर कितीतरी दिवस मी संध्याकाळी बाहेर पडताना कानातले काढून ठेवायची.

पण शारजा म्हणजे सुख आणि नैरोबी म्हणजे भीती, असंही नाही हो. शारजात आमचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर. मे ते सप्टेंबर मुलगा घरात, मॉलमध्ये किंवा बसमध्ये. पंचेचाळीसच्या वर पारा. जून ते सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला सरकारचीच बंदी असते, तर मुलं कुठं खेळणार? भाडं वर्षाचं, तेही चार-सहा चेकमध्ये आगाऊ लिहून द्यायचं. नवरा कामाला दुबईत, म्हणजे शारजा-दुबईच्या इत्तिहाद रोडवर रोज सकाळ-संध्याकाळ आयुष्य जाळायचं. आणि सगळ्याच्या खाली ती एक गोष्ट: व्हिसा. नोकरी किंवा लायसन्स आहे तोवर तुम्ही आहात. साधा निवासी व्हिसा सहा महिने देशाबाहेर राहिलात तर जातो. गोल्डन व्हिसा दहा वर्षांचा, पण तो कुपवाडच्या मोल्डिंगवाल्याला पहिल्या वर्षी कोणी देत नाही. आमच्या मजल्यावर वीस वर्षं राहिलेलं एक केरळी कुटुंब होतं, त्यांच्याकडे भिंतीत एकसुद्धा खिळा ठोकलेला नव्हता.

नैवाशाला आमचं घर फार्मच्या आवारात होतं. पंखा नव्हता, लागायचाच नाही. जुलैत शेकोटी. रात्री तळ्यातले पाणघोडे चरायला बाहेर येतात, म्हणून काठाला विजेचं कुंपण. मुलगा लहानपणी कुत्र्यापेक्षा पाणघोड्यांना जास्त ओळखायचा. पालक, सुकुमा (तिथली पालेभाजी), रताळी, आंबे, पपया, तुरीची डाळ, सगळं तिथलंच. ज्वारीचं पीठ मिळतं, मात्र आपल्यासारखी भाकरी थापायला दळण जरा बारीक काढून घ्यावं लागतं. नैरोबीत पार्कलँड्स, वेस्टलँड्सला गेलात तर गोडा मसाला सोडून सगळं मिळेल. गुजराती समाज मोठा आणि जुना. त्यांची देवळं, शाळा, दवाखाने पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत, आणि २०१७ मध्ये तर केनियानं तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. मराठी थोडे. नैरोबीच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला भेटतात, मग पुढच्या गणपतीपर्यंत फोनवर. शारजा-दुबईत उलट, दर शुक्रवारी कोणाकडे तरी मिसळ असते.

शाळेचं मात्र शारजा_सध्या म्हणतात ते खरं. नैरोबीत बहुतेक चांगल्या शाळा ब्रिटिश पद्धतीच्या आणि फी ऐकून बसायला खुर्ची लागते. चार वर्षांनी परत यायचं असेल तर मुलीचे हाल. मोठी रुग्णालयं नैरोबीत चांगली आहेत, नैवाशाला तापावर औषध मिळेल, त्यापुढं गाडी काढायची. तुमच्या आईंचा विचार केलात का? इतक्या उंचीवरची थंडी गुडघ्यांना मानवत नाही, आणि शेजारी बोलायला कोणी नाही.

म्हणून मला विचाराल तर राहायला दोन्ही नको. घर मिरजेतच ठेवा. तुम्ही विचारलंत 'कुठला देश', पण तुमच्या धंद्याला अजून देश लागलेलाच नाही, त्याला लागलाय एक दुकानदार. एकाचे चार झाले, आणि वर्षाकाठी तीन-चार डबे जायला लागले, की मग नाकुरूला गोदाम आणि एक स्थानिक मेकॅनिक ठेवा. युगांडा, रवांडाचा मालही मोंबासाहून त्याच रस्त्यानं जातो. तेव्हा तुम्हाला कोणाला विचारायला लागणार नाही.

पाठपिशवी

फिरण्याबद्दल कोणीच बोलेना म्हणून मी.

बायको म्हणते तसं आधी बघून या, पण दोन्ही देशांकडून एकच अपेक्षा ठेवू नका. यूएई डिसेंबर-जानेवारीत चार-पाच दिवस पुरे. देराच्या खाडीत एक दिरहमची अब्रा म्हणजे होडी, मसाल्यांचा बाजार, शारजाची संग्रहालयं, वेळ असला तर रास अल खैमाचा जेबेल जैस डोंगर. मॉल मुलीवर सोडा. व्हिसा आधी काढायचा, ३० किंवा ६० दिवसांचा.

केनिया महाग आहे, आधीच सांगतो. मसाई मारात परदेशी माणसाला नुसतं प्रवेशशुल्क जुलै ते डिसेंबर दिवसाला २०० डॉलर, जानेवारी ते जून १००. सगळे जुलैनंतर विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचं स्थलांतर बघायला जातात. मी म्हणेन फेब्रुवारीत जा, सिंह तेच असतात आणि गाड्या कमी. मारा जमत नसेल तर नैवाशाजवळच हेल्स गेट राष्ट्रीय उद्यान आहे, तिथं भाड्याची सायकल घेऊन झेब्रा-जिराफांच्या मधून फिरता येतं, शेजारी ओल्कारियाच्या भूऔष्णिक विजेच्या वाफा. नैरोबी–मोंबासा रेल्वे २०१७ ची, साधारण सहा तास, त्सावोच्या राष्ट्रीय उद्यानातून जाते, उजेडातली गाडी पकडा म्हणजे खिडकीतून हत्ती दिसतात. तिकिटं संपतात, आधी काढा.

जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची परवानगी, काढावी लागते. आणि प्लास्टिकच्या पिशव्या सामानात नेऊ नका, २०१७ पासून कडक बंदी आहे. चिवडा, भडंग कापडी पिशवीत घाला.

एक फार महत्त्वाचं: पिवळ्या तापाची लस. केनियाला जाताना कोणी विचारेल-न विचारेल, पण तिथून भारतात परत येताना ही लस घेतल्याचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं. नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रावरच. आईंना नेणार असाल तर साठीच्या वरच्यांना ही लस द्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारा.

फिल्टरवाला_मिरज

सगळ्यांचे आभार. बायकोनं पूर्ण धागा वाचला, आणि 'पाणघोडे' वाचून मुलीनं निर्णय घेऊन टाकला.

सीए ताई, मेहुण्याच्या नावावर लायसन्सचंच चाललं होतं. थांबवलं.

आई येणार नाही, तिला शारजाही नको, तिला अंबाबाई आणि सीरियल पुरे आहेत. आता असं डोक्यात आहे की जाताना दोन दिवस मेहुण्याकडं उतरायचं, तिघं पुढं नैरोबी, बायको-मुलगी नैवाशाला राहतील आणि मी नाकुरू करून येईन. वहिनी, दोन शंका. मुंबईच्या निर्यातदाराला डावलून थेट गेलो तर बरं दिसेल का? आणि सोबत काय नेऊ?

नैवाशाची_वहिनी

निर्यातदाराला डावलू नका. त्याला सांगा, गिऱ्हाईक मी सांभाळतो, कागद तुम्ही सांभाळा, टक्केवारी कमी करा. पहिले दोन डबे त्याच्याच नावानं जाऊ देत. पीव्हीओसीचा घोळ त्याच्या हातून बघितलात की पुढचं सोपं.

नेताना छापील माहितीपत्रकं कमी आणि माल जास्त न्या. दोन इंची मोठा फिल्टर दाखवायला एक पुरे, खपणार पाऊण इंची नि एक इंची. पाव एकराचा पूर्ण संच एका खोक्यात बसवा, टाकीच्या नळापासून एंड कॅपपर्यंत, चार सुट्या जाळ्यांसह, आणि त्याचा एकच भाव शिलिंगमध्ये सांगता आला पाहिजे. पान्याशिवाय उघडून दाखवा. दुकानदाराला नाही, दुकानात जो गिऱ्हाईक उभा असेल त्याला. नाकुरूच्या एकाच दुकानावर थांबू नका, सकाळी लवकर निघून न्जोरो, गिलगिल करून या, दिवसात होतं. ड्रायव्हर किकुयू बोलणारा घ्या, तो भाव तुमच्यापेक्षा चांगला करेल.

आणि तारीख फेब्रुवारीचीच ठरवा. मार्चअखेर मोठा पाऊस लागला की मेपर्यंत तिथं कोणी ठिबकचं नाव काढत नाही.